सल्ला: पॅलिएटिव्ह वॉर्डच्या नव्या पोरींना तयार कसं करायचं?

पत्र (थोडक्यात): मॅडम, नमस्कार. मी बेळगावच्या एका हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह वॉर्डची, म्हणजे आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या पेशंटचा त्रास कमी करायच्या वॉर्डची, इनचार्ज सिस्टर आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, पार चंदगडकडनं पेशंट येतात, त्यात तोंडाच्या कॅन्सरचे खूप. नवीन स्टाफच्या पोरी हाताच्या कामात चांगल्या आहेत, पण नातेवाईक काही विचारायला लागले की "डॉक्टरांना विचारा" म्हणून पळ काढतात. मॅनेजमेंटने सिम्युलेशन ट्रेनिंग, म्हणजे खोटी केस उभी करून सराव, घ्या म्हणून एक डमी, माणसाएवढा पुतळा, दिलीय. मी एक सेशन घेतलं, कुणाला आधी न सांगता डमी गेली असं दाखवलं, तर एक पोरगी धाय मोकलून रडली, तिचे वडील गेल्या वर्षीच वारलेत. आता सीनियर स्टाफ म्हणतात मरणाचं सोंग करणं अशुभ आहे, हे बंद करा. बंद करू का? आणि करायचं तर कसं, पैसे तर आमच्याकडे नाहीतच.

उत्तर:

सिस्टर, नमस्कार. आधी सरळ उत्तर देते. बंद करू नका, पण जसं केलंत तसं परत करूही नका.

तुमच्या पोरी पळ काढतात याचं मला अजिबात नवल वाटत नाही. इंजेक्शन शिकताना त्यांनी आधी डमीच्या हातावर टोचलं, लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, डमीवर घातला, मग सीनियर शेजारी उभी राहिली आणि मग पेशंट. आणि "सिस्टर, मी बरा हुतोय न्हवं?" या प्रश्नाचं उत्तर मात्र आयुष्यात पहिल्यांदा द्यायचं ते थेट खाटेवरच्या माणसाला, रात्री तीन वाजता, वॉर्डात एकटी असताना. कोण पळणार नाही हो? त्या कामचुकार नाहीत, कामाच्या ह्या भागाची प्रॅक्टिसच त्यांना कधी कुणी दिलेली नाही. आणि आपण सिम्युलेशन बंद केलं म्हणून प्रॅक्टिस काही थांबत नाही, ती होतच राहते, फक्त मग ती खऱ्या पेशंटवर होते, ज्याच्याकडे परत चुकायला द्यायला वेळच नाही. सीनियर स्टाफला हे एकदा शांतपणे बोलून दाखवा, त्या समजून घेतील असं मला वाटतं, कारण पहिल्या पेशंटच्या वेळी आपली काय अवस्था झाली होती हे त्यातली एकही बाई विसरलेली नसणार.

आता डमीचं. यंत्र हातात आलं की त्याला जे जमतं तेच आपण शिकवायला लागतो, आणि डमीला मरून दाखवता येतं म्हणून पहिली केस मरणाची होते. मुळात ही डमी आली ती श्वास द्यायला शिकवण्यासाठी, 1960 मध्ये नॉर्वेच्या लार्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने केलेली, म्हणजे जीव वाचवायच्या कामासाठी. आपल्या वॉर्डचं काम वेगळं. तरी तिला कपाटात टाकू नका, हाताची कामं तिच्यावरच घोटून घ्या, तोंडाची स्वच्छता, दुखू न देता कूस बदलणं, औषध हळूहळू सोडणारा सिरिंज पंप लावणं, गालाच्या जखमेचं ड्रेसिंग. आणि एक गोष्ट जी फार कमी ठिकाणी शिकवतात, तोंडा-मानेच्या कॅन्सरमध्ये कधीकधी अचानक मोठा रक्तस्राव होतो, तेव्हा गडद रंगाचे टॉवेल हाताशी हवेत, कारण पांढऱ्या चादरीवर तेवढंच रक्त घरच्यांना दुप्पट दिसतं आणि ते आयुष्यभर डोळ्यांपुढनं जात नाही. टॉवेल कुठल्या कप्प्यात आहेत, एकीने पेशंटचा हात धरायचा, दुसरीने डॉक्टरांना फोन करायचा, तिसरीने घरच्यांना सांभाळायचं, हे डमीवर चारपाच वेळा करून बघितलं की हात आपोआप चालतात.

पण बोलायचं शिकवायला बोलणारं माणूसच लागतं. हेही नवीन नाही बरं, 1963 मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी एका बाईला पेशंट म्हणून वागायला शिकवलं आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं, तिथनं ही पद्धत जगभर गेली. त्याला हजारो रुपयांचं काही लागत नाही, एक खोली, दोन खुर्च्या आणि एक समजूतदार माणूस लागतं.

पहिली केस कुठली घ्यायची ते सांगते. मरणाची नको. व्हरांड्यातल्या मुलाची घ्या. आपल्याकडं स्टाफची खरी परीक्षा खाटेजवळ कमी आणि दाराबाहेर जास्त होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. तर केस अशी लिहा, निपाणीकडचे साठीतले अण्णा, जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, गालाचा कॅन्सर, मिरजेला ऑपरेशन झालं, परत उलटलं, आता उपचार थांबलेत. मुलगा गोव्यात कामाला, कालच आलाय. अण्णांना कुणी काही सांगितलेलं नाही. शेतावर सोसायटीचं कर्ज आहे, धाकट्या पोरीचं लग्न राहिलंय. हे कर्ज नि लग्न केसमध्ये असायलाच पाहिजे, उगीच रंग भरायला नाही. 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची सेवा करणारी जागा, काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स, ज्या आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, त्यांचं सगळं म्हणणंच हे होतं की दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मन, घरची माणसं, पैसा, देवधर्म सगळं येतं. अण्णांना रात्री झोप लागत नाही ती गालामुळं की लग्नामुळं, हे पोरींनी विचारून काढायचंय.

आता मुलगा सिस्टरला अडवतो, "सिस्टर, अण्णांस्नी काय बोलू नका हं, धसका घेतील, तसंच जातील." इथं नव्या पोरी दोनच गोष्टी करतात, एकतर "बरं बरं" म्हणून निघून जातात नाहीतर "पेशंटचा अधिकार असतो" असं पुस्तकातलं वाक्य तोंडावर फेकतात, आणि दोन्हींनी मुलगा एकटा पडतो. त्यांना तिसरी वाट करून बघू दे. खुर्ची ओढून बसायचं, त्यालाही बसवायचं, आणि विचारायचं, "तुम्ही कालपासून इथंच आहात, जेवलात काय? ... तुम्हाला काय वाटतंय, अण्णांना स्वतःला किती कळलं असंल?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, पोरींना ती शांतता सोसत नाही, लगेच काहीतरी बोलून मोकळ्या होतात, तर सिम्युलेशनमध्ये ती शांतता मुद्दाम लांबवा, म्हणजे कळतं की ती खातबित नाही आणि बहुतेक वेळा त्या शांततेनंतरच समोरचा खरं बोलतो, "अण्णांना कळलंय वो. कालच मला सातबारा कुठं ठेवलाय ते सांगत होते."

निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम, ते पोरींच्या गळ्यात घालू नका. डॉक्टरांसाठी वाईट बातमी सांगायची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत 2000 साली आली, त्यातल्या सुरुवातीच्या पायऱ्या मात्र नर्सलाही रोज लागतात, निवांत जागा बघणं, त्याला आधीच काय माहितीय ते विचारणं, आणि त्याला किती ऐकायचंय ते विचारणं. "मी बरा होणार काय" याला हो किंवा नाही म्हणायची गरज नसते, "आज हे का मनात आलं अण्णा?" एवढं म्हणून जवळ बसता आलं तरी त्या रात्रीपुरतं पुष्कळ झालं, मग सकाळी डॉक्टरांना सांगायचं की अण्णा विचारतायत.

अण्णा आणि मुलगा कोण करणार? स्टाफच्याच मैत्रिणींना अवघड रोल देऊ नका, एकतर हसायला लागतात नाहीतर मैत्रिणीला पास करायला लगेच विरघळतात. आपल्या भागात नाटकवेड्या माणसांची काय कमी आहे? अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि आजही गल्लोगल्ली एकांकिका करणारी, रिटायर झालेली मास्तर मंडळी सापडतील. चहा-नाश्ता नि येण्याजाण्याचा खर्च एवढ्यावर आनंदानं येतात. फक्त त्यांना नाटक करू देऊ नका. मोठ्यानं रडायचं नाही, छाती बडवायची नाही. त्यांना एकच नियम शिकवा, सिस्टर उभ्याउभ्या बोलली तर आणखी ताठ व्हायचं, बसली आणि ऐकलं तर थोडं मऊ व्हायचं. म्हणजे पोरीला तिथल्या तिथं दिसतं की आपल्या वागण्यानं समोर काय झालं. आणि निवडताना विचारून घ्या, ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांना हा रोल द्यायचा नाही, किती म्हणाले तरी. संपल्यावर त्यांना त्या भूमिकेतनं बाहेर काढायचं, स्वतःचं नाव सांगायचं, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं, मगच घरी पाठवायचं.

भाषेकडे लक्ष द्या. बेळगावात ट्रेनिंगचं मटेरियल येतं इंग्रजीत, पोरी शिकतात इंग्रजीत, पेशंट बोलतो मराठी, कन्नड, नाहीतर दखनी. तीच अण्णांची केस एकदा मराठीत घ्या, एकदा बैलहोंगलकडच्या कन्नड आज्जीची करून घ्या, एकदा उर्दू बोलणाऱ्या घरातली. मराठी पोरगीला कन्नड केसमध्ये अडकू दे, ती वॉर्डात रोज अडकतेच, इथं अडकली तर निदान कुणाची मदत घ्यायची, आणि आज्जीच्या नातीला दुभाषी करायचं नाही, हे ठरवता येतं. दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून आज्जीला वाईट बातमी पोचवणं फार होतं, मी ते पाहिलंय.

दुखणं विचारणंसुद्धा असंच घोटून घ्या. "झिरो ते दहामध्ये किती दुखतंय" म्हटलं की आपली माणसं नुसती बघत बसतात. अण्णा करणाऱ्याला सांगा की "ठणकतंय" म्हणून थांबायचं, पुढं विचारलं तरच "आग होतीय, मुंग्या येतात, करंट मारल्यागत होतंय" असं सांगायचं. कारण ती आग नि मुंग्या म्हणजे नसेचं दुखणं असू शकतं, त्याची औषधं वेगळी, आणि पोरीने विचारलंच नाही तर डॉक्टरांपर्यंत ते पोचणार कसं? मॉर्फिनचा हिशेबही ह्याच केसमध्ये बसवा, चार तासांनी 10 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला 60, मध्येच कळ उठली तर साधारण दिवसाच्या डोसाचा सहावा भाग म्हणजे आणखी 10, अर्थात डॉक्टरांनी लिहिलेलं असलं तरच, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध लिहिलंय का ते बघायचं, कारण मॉर्फिननं पोट घट्ट होतंच. आणि मुलाच्या तोंडी हे वाक्य द्याच, "मॉर्फिन नको, ते शेवटचं औषध असतंय, सवय लागंल." एक मात्र कडक नियम, खऱ्या गोळ्या ट्रेनिंगला वापरायच्या नाहीत, साखरेच्या गोळ्या घ्या, पाकिटावर मोठ्या अक्षरात "प्रॅक्टिससाठी" लिहा आणि संपल्यावर मोजून परत घ्या, एकही वॉर्डच्या ट्रेमध्ये जाता कामा नये.

हे सगळं दोन-तीनदा झालं की मग शेवटच्या तासांची केस घ्या. आणि त्यातही माणसानं मेल्याचं सोंग करायचं नाही, तुमच्या सीनियर स्टाफच्या मनाला जे लागतंय ते मला कळतं आणि त्याचा मान ठेवायला हवा. खाटेवर डमी, भोवती घरची माणसं खरी. फोटोला हार नाही, पेशंटला गावातल्या कुणाचं नाव नाही, आणि वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत तर अजिबात नको, खऱ्या पेशंटच्या कानावर ते रडणं जाता कामा नये. श्वास घरघरतोय, मध्येच थांबतोय, परत सुरू होतोय, आणि मुलगा ओरडतोय, "सलाईन लावा, मशीननं कफ काढा." पोरीने इथं काय करायचं? अण्णांना कुशीवर घ्यायचं, डोकं जरा उंच, डॉक्टरांना विचारून औषध, आणि मुलाला सांगायचं की हा आवाज आपल्याला ऐकवत नाही पण अण्णा आता त्या पलीकडे आहेत, त्यांना त्याचा तेवढा त्रास होत नाही, नळी घालून ओढलं तर उलट जास्त होईल, सलाईननं छातीत पाणी वाढेल. मग सून तांब्यातनं गंगाजल नि तुळशीपान घेऊन येते. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पळीभर पाणी ओतलं तर ठसका लागतो, पण म्हणून हात धरून "नको" म्हणायचं नाही, ते त्या घराला जन्मभर लागतं. कापसाचा बोळा द्यायचा, तो गंगाजलात बुडवून ओठांवरनं, जिभेवरनं फिरवायला सांगायचं, तुळशीचं पान ओठावर ठेवू द्यायचं. मुसलमान घर असेल तर जमजमचं पाणीही तसंच, आणि कलमा म्हणायला कुशीजवळ जागा करून द्यायची. लिंगायत घरात विभूती लावायची असते, त्याला तर काही अडचणच नाही. हे कुठल्या बाहेरच्या मॅन्युअलमध्ये मिळणार नाही, ते तुम्हाला तुमच्या आयांना आणि सीनियर स्टाफला विचारूनच लिहावं लागेल, आणि मला वाटतं त्यांचा विरोध मावळायची वाटही हीच आहे, त्यांना केस लिहायला बसवा.

ह्याच केसच्या पुढच्या टप्प्यात "व्हेंटिलेटर लावायचा का" हा प्रश्नही आणा. बरं न होणाऱ्या पेशंटचे जीव लांबवणारे उपचार थांबवण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा 2018 चा निकाल, 2023 मध्ये त्याची सोपी केलेली पद्धत, आणि जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने काढलेलं परिपत्रक, हे पोरींना निदान ऐकून माहिती हवं. निर्णय डॉक्टरांच्या बोर्डाचा असतो, नर्सचा नाही, पण पेशंटने आधी काही लिहून ठेवलंय का हे विचारायचं सुचलं पाहिजे.

घरी जाणाऱ्या टीमसाठी एक अगदी फुकटातला प्रकार आहे, फोनचा. कणकुंबी, जांबोटीकडे पावसाळ्यात रात्री तुम्ही पोचूच शकत नाही, सगळं फोनवरच करायचं असतं. एकीला दुसऱ्या खोलीत बसवा, मोबाईल लावा, "सिस्टर, आई उठंना झालीय, काय करू" असा फोन येऊ दे. चेहरा दिसत नाही, हात लावता येत नाही, रेंज मध्येच जाते. पोरीने आधी काय विचारायचं, कुठला डोस कधी दिला ते कसं काढायचं, फोन ठेवताना "परत अर्ध्या तासाने मीच करते" म्हणायचं. मला विचाराल तर डमीच्या आधी हे करा.

आता डिब्रीफिंग, म्हणजे नंतरची चर्चा. केस आठ-दहा मिनिटांची, चर्चा तिच्या दुप्पट, इथं कंजुषी केलीत तर सगळं वाया. सुरुवात "काय चुकलं" नं नको. आधी "आत्ता कसं वाटतंय" विचारा आणि सगळ्यांना बोलू दे, मग काय झालं ते, मग पुढच्या वेळी काय करशील ते. "तो गप्प झाला तेव्हा तुझ्या मनात काय चाललेलं?" असे प्रश्न विचारा. अण्णा करणाऱ्या मास्तरांनाही बोलू द्या, "तुम्ही घड्याळाकडे बघितलंत तेव्हा मी पुढचं सांगायचं सोडून दिलं," हे त्यांच्या तोंडून आलं की तुमच्या दहा लेक्चरचं काम होतं. मार्क देऊ नका, अप्रेझलमध्ये घालू नका. व्हिडिओ काढलाच तर त्या चर्चेपुरता, तिथंच डिलिट, वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा जरी गेला तरी परत कुणी मोकळेपणी करणार नाही.

त्या रडलेल्या मुलीचं. तिला एकटीला भेटा, सगळ्यांसमोर नको. तिला सांगा की न सांगता असं दाखवायला नको होतं, आणि रडली म्हणून ती या कामाला कच्ची ठरत नाही. पुढच्या वेळेपासून विषय आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाका, "कुणाला जड जाणार असेल तर मला येऊन सांगा, कारण विचारणार नाही" एवढं म्हणा. हात वर केला की केस तिथंच थांबते हा नियम ठेवा. तिला काही दिवस फक्त बघायला बसवा, तेही तिची इच्छा असेल तर, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर सहज विचारा झोप लागली का. शिकताना पेशंट अचानक मारून दाखवायचा की नाही यावर सिम्युलेशन शिकवणाऱ्यांच्यात मतं वेगळी आहेत, आमच्या वॉर्डांसाठी माझं मत स्पष्ट आहे, नको.

एक गोष्ट लपवून ठेवत नाही. 2013 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला, शिकाऊ डॉक्टर आणि नर्सना असंच सिम्युलेशननं बोलायला शिकवलं आणि मग त्यांच्या पेशंटना, घरच्यांना विचारलं, तर बोलण्यात सुधारणा झाल्याचं त्यांना जाणवलं नाही, उलट पेशंटच्या उदासीचे आकडे थोडे वाढलेले दिसले. मी त्यातनं असं घेते की खोलीतलं शिकणं खोलीतच राहू शकतं, अवघड विषय काढायला शिकवलं आणि नंतर सोबत कुणी नाही, तर पेशंट उघडा पडतो. म्हणून सिम्युलेशन झाल्यावर महिनाभर तरी प्रत्येक पोरीसोबत एक सीनियर खरोखरच्या बोलण्याला शेजारी बसू दे, गप्प, फक्त शेजारी. आणि फरक पडतोय का ते मॅनेजमेंटच्या फीडबॅक फॉर्मवर बघू नका, रात्रीच्या नोंदवहीत बघा, दुखणं किती वेळा विचारून लिहिलंय, मधला डोस किती लवकर दिला गेला, "पेशंटला झोप नाही" याच्यापुढं कारण लिहिलंय का.

आणि पहिल्या बॅचमध्ये रात्रपाळीच्या आया नि वॉर्डबॉय घ्याच. "मावशी, माझं काय खरं नाही काय गं?" हे पेशंट पहिल्यांदा त्यांनाच विचारतो, आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसतं. त्यांची ड्युटी संपल्यावर थांबवू नका, ड्युटीच्या वेळेतच बसवा आणि तेवढा वेळ बदली माणूस द्या, मॅनेजमेंटकडे मागायचंच असेल तर दुसऱ्या डमीच्या आधी हे मागा.